ओळखीची व्यक्ती

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज सकाळी सामान उतरवायच्या आधी मी देवाची तसबीर फडताळात ठेवली, समोर दिवा लावला आणि मगच हमालांना आत बोलावलं. त्यातला एकजण म्हणाला, साहेब, देव हलका असतो, त्याला शेवटी आणलं तरी चालतं, आधी कपाटाचं बोला. मलाही हसू आलं.

घर मनासारखं आहे. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक लहानशी खोली. तीच मी जपासाठी धरली. तिच्या भिंतीपलीकडे मागचं अंगण, उतरायला दगडी पायऱ्या, कडेला कमरेएवढं कुंपण आणि कुंपणात एक फाटक. फाटक शेजारच्या अंगणात उघडतं. नव्या नोकरीचं गोदाम चालत जाण्यासारखं आहे. हिच्या शाळेचं सत्र संपलं की ही येईल. तोवर मी एकटा.

दुपारी शेजारच्या काकू झारी घेऊन थेट आत आल्या. अंगणातलं जाईचं झाड त्यांनी लावलेलं, आधीच्या भाडेकरूंच्याही आधी. त्याला पहाटे पाणी घालायला त्या येणार. विचारत नव्हत्या, कळवत होत्या. वर म्हणाल्या, गोदामवाले, तुम्ही बदलाल, झाड तिथंच राहील. मुलगा बेकरीत रात्रपाळीला असतो, उजाडल्यावर परततो. तो येईपर्यंत त्यांना एकटीला झोप लागत नाही, म्हणून झाडाशी बोलतात म्हणे.

शेजार चांगला लाभला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

हिला फोनवर फाटकाचं सांगितलं आणि पस्तावलो. ते परसदार आहे की धर्मशाळा, असं म्हणाली. दिवा आणि कॅमेरा बसवल्याशिवाय पाऊल ठेवणार नाही, असंही म्हणाली. म्हणून आज वायरमनला बोलावलं.

मागच्या दारावर जुना बल्ब होता. त्याच्याच तारांवर वायरमनने नवा फोकस जोडला. दोन्ही बाजूंना दोन दिवे, मध्ये कॅमेऱ्याचा डोळा. आधी मेन बंद केला, जोडणी केली, पाणी शिरू नये म्हणून पाठीमागून डिंकासारखं काहीतरी भरलं आणि मग फोनमध्ये सगळं चालू करून दिलं. आतल्या बटणावर टेप मारली. म्हणाला, हे बटण कधी बंद करायचं नाही, ह्याला बॅटरी नाही, वीज गेली की हा आंधळा. कोणी अंगणात हललं की दिवा लागेल आणि फोन थरथरेल. माणूस गप्प बसून राहिला तर थोड्या वेळाने दिवा विझेल, पुन्हा हात हलवला की लागेल.

संध्याकाळी काकूंना गंमत म्हणून ते दाखवलं. त्या पायरीवर बसून हात वर करायच्या, दिवा लागायचा. लहान मुलीसारख्या हसत होत्या. म्हणाल्या, आता तुमचा हा सूर्य माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पहाटे जपाला बसलो की फोन थरथरतो. मागच्या अंगणात व्यक्ती दिसली, अशी सूचना. बघावं तर काकू. झारी भरायला गेल्या की पुन्हा थरथर, परत आल्या की पुन्हा. माळ हातात राहते आणि मन फोनमध्ये. आज मी देवासमोर बसून चक्क चिडलो.

वायरमनला फोन करून विचारलं. तो म्हणाला, सोपं आहे, कॅमेऱ्याला त्यांची ओळख करून द्या. त्याने सांगितलं तसं केलं. फोनने काकूंचा चेहरा दाखवून विचारलं, ही व्यक्ती ओळखीची आहे का? मी होय म्हटलं. नाव लिहिलं, काकू. खाली आणखी एक खूण होती, या व्यक्तीची सूचना नको. तीही केली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

कितीतरी दिवसांनी आज मन लागलं. फोन गप्प होता.

काकूंना सांगितलं की तुमच्याबद्दल कॅमेरा आता मला काही कळवणार नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं, म्हणजे मी तुमच्या घरचीच झाले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

काकू गेल्या.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. पहाटे जपाला बसलो होतो. भिंतीपलीकडे टक टक असा आवाज आला. पत्र्यावर दगड आपटावा तसा, हलका. मी जप थांबवला आणि कान दिला. मग फोन उचलून पाहिला. सूचना नव्हती. अंगणात कोणी नाही, नळ वाजत असेल, असं मनाशी म्हटलं आणि डोळे मिटले. आवाज पुन्हा आला. तेव्हा मी जरा मोठ्याने जप करू लागलो.

तयार होऊन पुढच्या दाराने कामाला गेलो. मागचं दार उघडलंच नाही.

काकू माझ्या पायरीवर मुलाला सापडल्या. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असावी, बराच वेळ बसून होत्या, कोणी लवकर पाहिलं असतं तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मुलाने माझे दोन्ही हात धरले. कपड्यांवर पीठ तसंच होतं. विचारत होता, कॅमेऱ्यात काही दिसलं का, आई काही बोलली का. माझ्या तोंडून निघून गेलं की पहाटे वीज गेली होती, कॅमेरा बंद होता. तो म्हणाला, असो, नशीब. आणि उलट मलाच धीर देऊ लागला.

मी तेव्हा चित्रण पाहिलंही नव्हतं. तरी खोटं बोललो. म्हणजे आतून मला ठाऊक होतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पाहिलं.

काकू झारी घेऊन येतात. दिवा लागतो. झाडापाशी थांबतात, हात छातीवर नेतात, कशाबशा पायरीपर्यंत येऊन बसतात. वर बघतात, कॅमेऱ्याकडे. म्हणतात, अहो गोदामवाले, जरा दार उघडता का. मग झारीने पायरीवर ठोकतात. दिवा विझतो. अंधारात एक हात वर होतो आणि दिवा लागतो. विझतो. पुन्हा हात. मीच शिकवलेलं. त्या मला खुणावत होत्या. शेवटी नुसतं भाऊ म्हणाल्या. भाऊ, ऐकताय ना?

आणि ह्या सगळ्याच्या मागे एक पुरुषी आवाज चालू आहे. देवाचं नाव घेणारा. ठोकणं ऐकून तो थांबतो. काकू मान वळवतात, चेहऱ्यावर आशा येते. थोडी शांतता. मग तो आवाज पुन्हा सुरू होतो, आधीपेक्षा मोठ्याने.

त्यानंतर हात एकदाच वर गेला.

मी ते पुसून टाकलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

पहाटे फोन थरथरला. काकू दिसल्या.

मी ते दोनदा वाचलं. चित्रात अंगण रिकामं, पायरी रिकामी. दिवा लागलेला. विझला. लागला. हलणारं काहीच नव्हतं, झाडाचं पानसुद्धा नाही.

वायरमनला विचारलं तर म्हणाला, मांजर असेल. मांजराला हा काकू म्हणतो का, असं मी विचारलं. तो हसला. मला हसता आलं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

बटणावरची टेप काढून बटण बंद केलं. वायरमन म्हणाला होता, वीज नसली की हा आंधळा.

जपाला बसलो. टक टक.

फोन: काकू दिसल्या.

भिंतीवरचा दिवा बंद होता, तरी दाराच्या फटीतून उजेड आत आला. गेला. आला. उजाडल्यावर दार उघडलं. पायरी ओली होती, जाईच्या बुंध्याशी पाणी घातलेलं होतं. मुलाने घातलं असेल म्हणून विचारायला गेलो. तो आत्ताच बेकरीतून आला होता. झारी आईबरोबरच पाठवली, म्हणाला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मुलगा ताजा पाव घेऊन आला. आईला तुमचं फार कौतुक होतं, म्हणाला. मीच तिला सांगून ठेवलं होतं की माझ्यामागे काही झालंच तर शेजारी जा, ते देवभोळे आहेत, पहाटे जागे असतात.

पाव माझ्या हातात तसाच राहिला.

जाताना दारात थांबला. म्हणाला, एकच गोष्ट मनाला खाते आहे. ती एका झटक्यात गेली की कोणाला हाका मारत होती? काय असेल ते असो, कळलं की मला झोप लागेल. मी मान खाली घातली. त्याला वाटलं, मला रडू येतंय.

संध्याकाळी वायरमनकडून सगळं उतरवून घेतलं. तारांच्या टोकांना टेप मारली, कॅमेरा खोक्यात, खोकं कपाटात, कपाटाला कुलूप. वायरमन माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, साहेब, तुम्ही जेवता ना नीट?

बुधवार, २६ नोव्हेंबर

पहाट. फोन.

काकू दिसल्या.

चित्र अंगणाचं नाही. खोली. तेवणारा दिवा. तसबीर. माळ धरून बसलेला एक माणूस, पाठमोरा. माझाच सदरा.

त्याच्या मागे, खांद्याशी, वर उचललेला हात.

मी वळून पाहिलं नाही. घरचीच झाले, म्हणाल्या होत्या.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

जप होत नाही. नाव घेतलं की मला माझाच आवाज ऐकू येतो, भिंतीच्या पलीकडून ऐकावा तसा. त्या बाहेर बसून तोच ऐकत होत्या. देवाला काय वाटत असेल, मी कोणाला टाळून त्याला हाक मारत होतो.

पुसलेलं चित्रण फोनमध्ये परत आलं आहे. पुन्हा पुसलं. पुन्हा आलं.

तिसऱ्यांदा पुसलं नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मुलाला सांगितलं.

बेकरीतून आल्या आल्या त्याला घरात बसवलं. वीज गेली नव्हती, म्हटलं. मी ऐकलं होतं, म्हटलं. फोन त्याच्या हातात दिला. त्याने शेवटपर्यंत पाहिलं. माझा आवाज थांबला तिथे त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा डोळे मिटून घेतले.

मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

एवढंच म्हणाला, एकदा दार उघडायचं होतं हो. तेवढंच तर मागत होती.

फोन चटईवर ठेवून गेला. फाटक ओढून घेतलं. बाहेरून तार बांधल्याचा आवाज आला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

वाटलं होतं, सांगितलं की थांबेल.

टक टक.

फोन पाहिला नाही. आता पाहणार नाही. उलटा करून तसबिरीखाली ठेवला आहे —

टक टक.

मुलाला खरं सांगितलं, ते त्याचं त्याला मिळालं. काकूंचं मागणं वेगळं होतं. त्यांनी माझ्याकडे कबुली मागितलीच नव्हती —

माळ खाली ठेवली. अर्ध्यावर. आजवर कधी ठेवली नव्हती.

वही घेऊन दाराशी आलो आहे. फटीतून उजेड येतो, जातो. भिंतीला दिवा नाही. 

काकू, आलो, असं मोठ्याने म्हटलं. ठोकणं थांबलं.

कडी काढली.

दार उघडलं आहे. पायरीवर त्या बसल्या आहेत, पाठमोऱ्या, झारी मांडीत. केस ओले. मी शेजारी बसतो आहे. त्यांचा वर धरलेला हात खाली आला, माझ्या हातावर — गार, फार गार — मान वळवत आहेत. रागावलेल्या नाहीत. विचारतात की इतका वेळ आत तुम्ही कोणाला हाका —