दुभत्या घरात कोरा चहा

लोणावळे,
ता. २२ फेब्रुवारी १९४२

ती. अक्कास,
बजरंगचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आम्ही सर्व जिवंत आहोत. खुशाल आहोत असे लिहिण्याची सोय राहिली नाही. मुंबईवर जपानी बॉम्ब पडणार या धास्तीने तिकडचे निम्मे लोक आमच्या डोक्यावर येऊन बसले आहेत. प्रत्येक गाडीतून ट्रंका, पलंग, शिवणयंत्रे, पोपटाचे पिंजरे उतरतात आणि ते उतरवायला रेल्वेच्या यार्डात आम्ही. गेल्या साली ज्या तबेल्यात टांग्याचे घोडे होते, तो शेण काढून, चुना मारून भाड्याने दिला आहे. आत एक वकील सहकुटुंब राहतात, आणि जागा मिळाली म्हणून देवाचे आभार मानतात.

आमच्या चाळीच्या मालकीणबाई सरुबाई तुला ठाऊक आहेत. परवा दारात उभ्या राहून गोड आवाजात म्हणाल्या की बजरंग, तू माझ्या लेकासारखा, राहा की. फक्त मुंबईकर देतात तेवढे भाडे दे. लेकाकडून कोण इतके भाडे घेते, हे मी विचारले नाही. भाजीवाली आमच्या गल्लीत वळतच नाही. गवळी म्हणतो बंगल्यांवरून उरले तर देईन, आणि उरते ते निळसर पाणी. अंबू दीड वर्षाचा झाला, ते पाणी तोंडाला लावले की मान फिरवतो. विठाचे जेवण बरे आहे, पण ती सहा वर्षांची पोर आता भाताला भाव विचारते.

म्हणून मनात आले की नंदाला आणि दोन्ही मुलांना दिवाळीपर्यंत टाकव्याला तुझ्याकडे पाठवावे. मी यार्डातल्या सोबत्याच्या खोलीत पडेन. तिकडे घर आपले, तांदूळ शेतातला, गोठ्यात दोन म्हशी. खर्च असा काही नाहीच. वडील गेल्यावर आणि तुझ्यावर वैधव्याचा प्रसंग आल्यावर तूच माहेरी राहून शेत राखलेस, तेव्हा तुझ्या शब्दाबाहेर मी नाही. कळव.

थोरपणाने माया करतेस ती चालू ठेवावी,
तुझा धाकटा,
बजरंग


टाकवे बुद्रुक,
पाडव्याचा दुसरा दिवस

चि. बजरंग यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. वाचून आदी हासले, मग जी चिडले ती आजून चिडलेलीच हाय. खर्च असा काही न्हाईच, हे तुला कुणी सांगितलं? बारा वर्सं गाव सोडून ऱ्हायलास म्हणून असं लिवलंस. आरं, हितं सगळं स्वस्त हाय ते एवड्याचसाटी, की हितं काही मिळतच न्हाई.

मीठ, रॉकेल, गूळ, लुगडं सगळं वडगावच्या बाजारातनं यायचं. वाटंत गाडीवाला त्याचं काडून घेतो, दुकानदार त्याचं. तुमच्या लोणावळ्याला जे एक पट, ते हितं दीड पट. रॉकेल तर लडाई लागल्यापासनं देवाला दावायला न्हाई. दिस बुडायच्या आत आमी जेवतो आन् आंधारात येकमेकीला हाका मारत बसतो. दुकणं आलं तर डाक्तर नदीपल्याड. बैलगाडी, मग नाव, मग टेसन, मग गाडीची वाट. तितं पोचंस्तवर माणूस येक तर बरं होतं, न्हाईतर डाक्तरची गरज संपती.

कोंबडी, अंडी, भाजी म्हणशील तर बंगल्याचे खानसामे बांदावर येऊन घेऊन जात्यात. आन् दूध! पहाटं कोंबडं आरवायच्या आत दूधवाला हौशीराम किटल्या घेऊन येतो आन् चरवी पार निथळून नेतो. त्याचा कायदाच हाय, दिलं तर सगळं, न्हाईतर काहीच न्हाई. सगळ्या आळीला त्योच येक गिऱ्हाईक. रोकड म्हणून हातात येतं ते तेवडंच, त्यातनंच मीठमिरची आन् सरकारचा सारा. म्हशी आमच्या, दूध लोणावळ्याचं, आमाला शेण. दोन म्हशींच्या घरात मी कोरा चहा पिते, बाबा.

तरी पाटव. घर तिचं बी हाय, मी काय पावनी म्हणून न्हाई वागवायची. फकस्त तिला सांगून ठेव की हितं नळ न्हाई, आन् तुज्या भैनीच्या जिभंला साखर बी न्हाई, ती बी महाग झाली.

लेकरांना पापे. राग आला तर पत्रातच काड, मनात ठिवू नको.
अक्का


टाकवे बुद्रुक,
ज्येष्ठ, मिरगाचा पाऊस पडून गेल्यावर

चि. बजरंग यास आशीर्वाद.

हे पत्र नंदाबाईचं हाय. तिला लिवता येत न्हाई, मला येतं. म्हणून माज्यावरच्या तक्रारी माज्याच हातानं लिवायची पाळी आलीया. ती सांगती तसं लिवते. मधी माजं काही आलं तर कंसात घालीन.

आपल्या पायांवर डोकं ठेवून नंदाचा नमस्कार. इकडं पोचल्याला दोन महिने झाले. पाणी नदीवरून आणावं लागतं आणि चढ असा आहे की घरी येईपर्यंत अर्धं अंगावर सांडतं. चुलीला ओली लाकडं, डोळे सुजले. वन्सं पहाटे उठतात आणि आपण उठलो हे सगळ्या आळीला कळावं अशी भांडी वाजवतात. (भांड्याला आवाज आसतोच.) मिरच्या मोजून देतात. (मोजत न्हाई. होत्याच तेवड्या.) लोणावळ्याला शेजारणी तरी होत्या, हिथं बोलायला फक्त वन्सं, आणि त्या बोलत नाहीत, वसकतात. (खरं हाय.) विठा मात्र रमली आहे, दिवसभर वासरामागे असते.

आता मुद्द्याचं. अंबू खंगतोय. उभा राहायला लागला होता तो पुन्हा बसून राहतो. भाकरी कुस्करून देते, पेज देते, पण त्याचे पाय काड्यांसारखे झालेत. मी वन्संना म्हटलं की लेकरापुरतं ओंजळभर दूध बाजूला काढू या. त्या म्हणाल्या, काल काढलं होतं, तर हौशीरामानं किटली हलवून बघितली आणि सगळ्या आळीसमोर म्हणाला की कस्तुराबाई, चोरी शिकलात का. आपल्या म्हशीच्या दुधाची आपणच चोरी? मी लोणावळ्याला निळं पाणी विकत घेत होते, इथं तेही दिसत नाही. मग मला कुठून कुठं पाठवलंत?

हे शेवटचं तिनं सांगितलं तसंच लिवलं. कंसात घालाया माज्याकडं काही न्हाई.

तिचा नमस्कार, माजा आशीर्वाद, दोनीबी रागासकट घ्यावे.
अक्का


लोणावळे,
ता. ३ जुलै १९४२

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

तुम्हा दोघींचे एकत्र पत्र वाचून डोके सुन्न झाले. हौशीरामाच्या किटल्या कोणत्या गाडीने येतात हे मला कुणी सांगायला नको. रोज सकाळी माझ्याच हातांनी त्या फलाटावर उतरतात. आजवर मी त्यांना नुसते ओझे समजत होतो. काल एक उतरवताना झाकण सैल होते, वास आला, आणि मी तसाच उभा राहिलो. मागचा हमाल ओरडला तेव्हा भानावर आलो. ते दूध बंगल्यावर पोचेपर्यंत दुप्पट भावाचे होते आणि त्यातले निम्मे आमच्या नळाचे असते. नंदाला हे भाव तोंडपाठ आहेत, तिला विचार.

तरीही माझे ऐका. हौशीरामाशी भांडू नका. भर पावसाळा आहे. त्याने पाठ फिरवली तर तुमच्या दुधाला गिऱ्हाईक नाही, मिठाला पैसा नाही. गोडीगुलाबीने घ्या. मी सुटी मागितली आहे, साहेब म्हणतो लढाई संपल्यावर बघू.

आपला लोभ, आणि थोडा धीर, दोन्हींची गरज असलेला,
बजरंग


टाकवे बुद्रुक,
श्रावण, नागपंचमी होऊन गेली

चि. बजरंग यास आशीर्वाद.

आदी हे वाच, की अंबू बरा हाय. आता बाकीचं.

आकाडात त्याला ताप भरला. नदी दोनी थड्या भरून, नाव बंद. चुलते कोंडाजीआबा येऊन बघून गेले, काडा दिला. ताप उतरला पण पोर मान धरंना. आबा म्हणाले, आता ह्याला औशद न्हाई, दूध पायजे. येवडं म्हणून त्यांनी गोठ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटं मी उटले तर नंदाबाई माज्या आदी उटलेली. गोठ्याच्या दारात, उंबऱ्यावर, अंबूला मांडीवर घेऊन बसली होती. हौशीराम ठरल्यापरमाणं आला. नदीवर नावंचा पत्ता न्हाई तरी ह्यो वरच्या अंगाच्या दोरावरनं किटल्या पार करतो; दुधाला वाट सापडती, दुकणाईताला न्हाई. नंदाबाई त्याला म्हणाली की आदी ह्या पोराचा तांब्या भरंल, मग तुमची किटली. तो म्हणाला की वैनी, ही लोणावळ्याची मिजास हितं चालायची न्हाई; सगळं द्या न्हाईतर उद्यापासनं ह्या आळीत पाय ठिवणार न्हाई. ती म्हणाली, नका ठिवू. आवाज चढवला न्हाई, उटली बी न्हाई.

मग दोगं बी माज्याकडं बघाया लागले. बजरंग, मी मानसाला भीत न्हाई हे तुला ठावं हाय. पण त्या किटलीला मी लय वर्सं भीत आले. चरवी त्याच्या हातात गेलती. मी म्होरं झाले आन् ती काडून घेतली. तो शिव्या देत गेला. तांब्या भरला. पोरानं दोन घोट घेतले, उलटी केली, परत दोन घोट घेतले. आमी दोगी त्या उंबऱ्यावरच बसून ऱ्हायलो.

तू म्हणलातास तसंच झालं. चार-पाच घरच्या बाया दारात येऊन भांडल्या, तुमच्यापायी आमचं बी दूध घरात नासतं म्हणून. त्या खोट्या न्हाईत. आमी लोणी काडलं, ताक वाटलं, पण ताकानं मीठ येत न्हाई. आठ दिस आळणी खाल्लं. मी नंदाबाईवर वराडले बी, की बाई, तुजं पोर जगलं पण आता घर कशानं चालवू. तवा ती म्हणाली की वन्सं, वराडता काय, लोणावळ्याला दुधासाटी गवळ्यामागं हिंडलेय, कुटल्या बंगल्यात किती दूध लागतं हे मला ठावं हाय. नदी उतरली की आपणच किटली घेऊन जाऊ.

मी तिला येडी म्हणाले. मग रातभर तेच घोळवत ऱ्हायले.

तुजी काळजी घे. हे वाचून नोकरीवर हासू नको, रडू बी नको.
अक्का


लोणावळे,
ता. २९ सप्टेंबर १९४२

ती. अक्कास शि. सा. नमस्कार वि. वि.

कळवायचे तरी होतेस! काल सकाळी पॅसेंजरमधून किटल्या उतरवायला हात पुढे केला, तर किटलीमागे तू, आणि तुझ्यामागे पदर खोचून नंदा. तू म्हणालीस की हात काढ, आमचं आम्ही उतरवतो. सगळा फलाट बघत होता. साहेबाने विचारले, या बाया कोण. मी म्हणालो, माझी बहीण आणि माझी बायको. तो हसला, हमाल हसले. माझे कान अजून तापलेले आहेत. रेल्वेत काम करणाऱ्या माणसाच्या घरच्या बायकांनी बंगल्याबंगल्याच्या फाटकात दूध म्हणून ओरडायचे? वडील असते तर काय म्हणाले असते?

संध्याकाळी सरुबाईंनी अडवले. वाटले भाड्याचे काही काढतील. तर म्हणाल्या की तुझ्या बायकोचे दूध दाट आहे, मलाही रोज घालायला सांग. त्याच बोलता बोलता म्हणाल्या की बॉम्ब काही पडले नाहीत, मुंबईची बिऱ्हाडे परतू लागली, खोल्या रिकाम्या होताहेत. जुन्या भाड्यात ये. वकीलही तबेला सोडून गेले.

तेव्हा आता हे पुरे. खोली मिळते आहे. दिवाळीआधी नंदाला आणि मुलांना पाठवून दे. पाठवले होते ते तेवढ्यापुरतेच.

रागावलो असलो तरी तुझाच,
बजरंग


टाकवे बुद्रुक,
दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार

चि. बजरंग यास अनेक आशीर्वाद.

नंदाबाईला पाठवून दे म्हणतोस. ती काय तू ठेवायला दिलेलं भांडं हाय? तिला विचारलं. ती म्हणती की खोली घेतली की भाडं आलं, परत निळं पाणी आलं, आन् हितं दोन म्हशींमागं वन्सं येकट्या. तिचा निरोप असा की नवऱ्याला म्हणावं, रोज सकाळी फलाटावर मी दिसतेच. त्याहून जास्त बघायचं आसंल तर संध्याकाळच्या गाडीनं घरी यावं. तुज्याकडं पास हाय, नदी उतरलीया. मिरगाला काय करायचं ते मिरगाला बघू. आन् वडील काय म्हणाले असते ते मला इचारू नको. ते बी कोराच चहा पीत गेले.

फार सुकाचं चाललंय आसं समजू नको. मुंबईवाले गेले तसे दोन बंगले बंद झाले, परवा आर्दी किटली तशीच माघारी आणली. वाटंत नंदाबाई माज्याशी भांडली, की मी भाव लवकर पाडते. मी म्हणाले तू लवकर पाडत न्हाईस म्हणून किटली माघारी येती. टेसनापासनं घरापोतर भांडत आलो. हौशीराम परत आळीत यायला लागलाय, पण आता दर घरात येक येक तांब्या सोडून नेतो. न सोडला तर बाया किटली आमच्याकडं वळवतील, हे त्याला कळतं. भांडाया आलत्या त्याच बायांनी काल मला मूठभर मीठ आणून दिलं.

आन् तुज्या अंबूचं सांगते. तो आता भिंत धरून सगळ्या घरात फिरतो. आज सकाळी नंदाबाईनं त्याला वाटी दिली. पोट भरलं होतं वाटतं. त्यानं तोंड फिरवलं, नको नको केलं, आन् वाटी ढकलून दिली. सगळं दूध जमिनीवर. मी हात उगारला. नंदाबाई वसकली. मग आमी दोगी त्या सांडलेल्या दुदाकडं बघत नुसत्याच उभ्या ऱ्हायलो. ह्या घरात मी जन्मले, हितंच म्हातारी हुईन. पण ह्या घरात दूध नको म्हणणारं पोर मी आज पयल्यांदा पायलं.

गाडी चुकवू नको. जेवाण झाकून ठिवते.
अक्का