माझ्या नावावरची मोटार

सोमवार, २१ जानेवारी १९५७

भावजींनी गाडी ठोकली. सकाळी सातला येऊन अंगणातच उभे. चपला काढेनात. "वहिनी, मला काही झालं नाही," हे पहिलं वाक्य. मी विचारलं, मग कुणाला झालं? तेव्हा मान खाली!

काल सेलूला आडत्याकडे जायचं म्हणून कृष्णकांतभावजींनी गाडी मागून नेली होती. गेले कुठे — तर मोटारींच्या पटाला. केळझरच्या अलीकडे माळावर लढाईच्या काळातली विमानं उतरायची पट्टी आहे. संक्रांत झाली की तिथे बैलजोड्यांच्या शर्यतींचा शंकरपट भरतो. चारपाच वर्षांपासून म्हणे बैलांचं आटोपलं की हौशी लोक आपापल्या मोटारी पळवतात. एकावेळी एक गाडी सोडायची, दोन फेऱ्या, घड्याळ लावून. ज्याला वेळ कमी लागला तो पहिला. वर्ध्यात इतकी वर्षं राहून मला हे आज कळलं.

दुसऱ्या फेरीला गाडी वळली नाही. चिंधू म्हणून एक मजूर पट्टीवर चुन्याची रेघ आखत होता. त्याची मांडी मोडली.

गाडी माझ्या नावावर. कापसाच्या दलालीत कधी काय होईल सांगता येत नाही, म्हणून यांनी घेतली तेव्हाच माझ्या नावावर घेतली. विमाही माझ्याच नावावर. परवा सोळा तारखेला यांना जाऊन दोन वर्षं झाली. तीच गाडी, तेच दिवस. काहीतरी वाटायला हवं होतं. वांगी चिरायला घेतली.

मंगळवार, २२ जानेवारी

केळझरचा बैलगाडीवाला नत्थू गाडीतल्या मागच्या गाद्या घेऊन आला. त्याच्या बैलांनी गाडी माळावरून ओढून सडकेला आणली. सडकेला म्हणजे केळझरच्या वळणावर, बाभळीला टेकवून ठेवली आहे. का, ते भावजींनी सांगितलं. कंपनीचा माणूस नागपूरहून पाहणीला येणार. त्याला सांगायचं — गणपतीच्या दर्शनाला चाललो होतो, वळणावर चिंधू आडवा आला.

"यांना अपघात झाला त्याच वळणावर?" मी म्हटलं.

"तिथलं वळणच तसं आहे वहिनी."

नत्थूला चहा दिला. तो बशीत फुंकत म्हणाला, "बैल बिचकले नाई बाई याही खेपेले. आता सवय झाली त्याइले!" भावजींनी त्याच्याकडे पाहिलं. मी हसले नाही तेव्हा त्यानं बशी खाली ठेवली.

गुरुवार, २४ जानेवारी

पॉलिसी वाचून काढली. दोन दिवस लागले. इंग्रजी, बारीक अक्षर. हे गेले तेव्हा मला मराठी वर्तमानपत्राच्या पुढे काही येत नव्हतं. कंपनीचे कागद आले, भावजींनी बोट ठेवलं तिथे सही केली. नंतर वेळच वेळ होता. यांच्या कपाटातून डिक्शनरी काढली. रोज वीस शब्द. अजून उच्चार येत नाहीत, पण अर्थ लागतो.

अर्थ असा. गाडी स्वतःची असो, मालक स्वतः चालवो की घरचा कोणी चालवो — ठरवून भरवलेल्या शर्यतीत किंवा वेग पाहण्यासाठी चालवली तर कंपनीची जबाबदारी नाही. गाडीची नाही, आणि गाडीनं ज्याला लागलं त्याचीही नाही. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं.

म्हणजे चिंधूला सडकेवर उडवला असता तर कंपनीनं भरून दिलं असतं. माळावर उडवला म्हणून नाही. पाय तोच!

भावजींचं खोटं मग नुसतं गाडीसाठी नाही. चिंधूचंही त्यातच आहे. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण हेच त्यांच्या बाजूनं सगळ्यात मोठं आहे.

शुक्रवार, २५ जानेवारी

काही नाही. गहू निवडले.

बुधवार, ३० जानेवारी

कंपनीचे सर्व्हेअर आले. वयस्कर, सभ्य. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. मग एकदम, "बाई, आपल्याला मोटारशर्यतीची आवड कधीपासून?"

मला वाटलं थट्टा करतात. त्यांनी खिशातून कागद काढला. पटाच्या वहीतल्या पानाची नक्कल — कुणी दिली ते बोलले नाहीत. त्यात वीस तारखेपुढे लिहिलेलं: श्रीमती शरयूबाई पांढरीपांडे यांची जोडी.

"यात तुमच्या दिरांचं नावच नाही. तुम्ही स्वतः गाडी शर्यतीत उतरवलीत, असा याचा अर्थ होतो."

मी म्हटलं मी त्या दिवशी घरी होते. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी टिपलं. जाताना म्हणाले, वळणावरची गाडी पाहिली. चाकांच्या खाचांत चुना भरला आहे. सडकेवर चुना कुठून आला, तेवढं लेखी कळवा.

संध्याकाळी भावजींना विचारलं. हसले. "अहो, पटात जोडी मालकाच्या नावानंच लागते! हाकणारा धुरकरी कोणीही असो, त्याला कोण विचारतं? सीताबाईची जोडी दरवर्षी पुकारतात, ती म्हातारी कधी माळावर आली नाही. मोटारींनाही तीच रीत. मोटारीलाही ते जोडीच म्हणतात."

म्हणजे त्या रविवारी हजार माणसांत भोंग्यावरून माझं नाव पुकारलं. मी इथे कणकेला तेलाचं बोट लावत होते.

शनिवार, २ फेब्रुवारी

ट्रंका उन्हात घातल्या. यांचा कोट झटकला. उजव्या बाहीवरचे पांढरे डाग अजून जात नाहीत. दवाखान्यात काही लागलं असेल, असं तेव्हाच ठरवलं होतं. घडी घालून ठेवला. डांबराच्या गोळ्या संपल्या आहेत.

बुधवार, ६ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले, चिंधूला पाहायला. पाय वजन लावून टांगलेला. बायको जिजाबाई खाटेखाली पथारी टाकून. मला पाहून उठली, पदर घेतला. मी फळं ठेवली. बसायला जागा नव्हती, खाटेच्या कडेवर टेकले तर चिंधू संकोचून भिंतीकडे सरकायला लागला — टांगलेल्या पायानं कुठे सरकणार!

त्याला विचारलं, भावजी येऊन गेले का. गेले म्हणाला. काय सांगायचं ते सांगून गेले.

"मंग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, मी सडकेवर नव्हतो. मी चुना टाकून राह्यलो होतो. सडकेवर कोन चुना टाकते बाई?"

जिजाबाई मधेच म्हणाली, "सांगा तुमीच त्याले. कंपनी पैसे देते तं घे म्हना. म्हनते, नाई."

"काऊन नाई?" मी विचारलं.

त्यानं दोन्ही हात चादरीवर घेतले. मग म्हणाला, "दसऱ्याले नागपूरले गेलतो. दीक्षा घेतली. लाखो मानसं होती. हात जोडून म्हटलं, खोटं बोलनार नाई. चारच म्हयने झाले बाई! इतक्यातच मोडू काय?"

"दारू सोडतो म्हटलं, ते बी सोडली," जिजाबाई म्हणाली. "मी खूश. आता हे! दोन्हीतलं एक तरी ढिलं सोड म्हनते मी." आणि हसली, आणि लगेच डोळ्याला पदर लावला.

मी त्याला म्हटलं, सर्व्हेअर आले तर खरं सांग. का म्हटलं, माहीत नाही. माझं त्यात काय जात होतं? पाय त्याचा होता.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

भावजी टाइप केलेला कागद घेऊन आले. मी लिहून देते की माझी गाडी दर्शनाला जात होती, पटात नाव कुणी लावलं मला माहीत नाही. खाली सहीची जागा पेन्सिलीनं खूण करून.

"सही मारून द्या वहिनी. चिंधू काही बोलला तरी मजुराचं कोण ऐकतं?"

मी कागद वाचला. पूर्ण. ते उभ्या उभ्या घड्याळ पाहत होते.

"पूर्वी तर तुम्ही न वाचता करत होतात सही," म्हणाले. चिडून नव्हे, जुन्या ओळखीच्या आवाजात. मी म्हटलं तेव्हा मला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"तुम्ही डिक्शनरी काय घेतली बापा, घरात वकील आला!"

कागद ठेवून घेतला. सही केली नाही. केली नाही असंही सांगितलं नाही.

सोमवार, ११ फेब्रुवारी

रस्त्यावर दिवसभर इलेक्शनच्या जीपा. डोकं उठलं.

रविवार, १७ फेब्रुवारी

संकष्टी. केळझरला गेले. दोन वर्षांत एकही संकष्टी चुकवलेली नाही. नेहमीसारखी वळणावर उतरले. सर्व्हिस मोटारीचे कंडक्टर आता विचारत नाहीत, स्वतःच घंटी मारतात.

बाभळीखाली फुलं ठेवली. हे दर्शनाला निघाले होते आणि इथे बैलगाडी आडवी आली, गाडी उलटली. मला भावजींनी आणलं तेव्हा यांना दवाखान्यात हलवलं होतं आणि गाडी या झाडाला कलंडलेली होती. खोडावर तेव्हा ओरखडा शोधला होता, सापडला नाही. झाडं भरून काढतात.

आता तिथेच आमची गाडी पुन्हा! पुढचा दिवा फुटलेला, मडगार्ड आत. कोंबड्या खाली बसलेल्या. मी दार उघडून यांच्या जागेवर बसले. थोडा वेळ. मग देवळापर्यंत पायी गेले.

परत येताना ठरलं. सही करायची नाही. गाडी दुरुस्त न करता आहे तशी विकायची, जे येईल ते जिजाबाईच्या हातात द्यायचं. चिंधू बरा होईपर्यंत घर चालेल. गाडीशिवाय माझं काही अडत नाही. मला चालवता येत नाही. मी फक्त कधीकधी पुसते.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

भावजींना सांगितलं. खुर्ची मागे सारून उठले. मग, "दादाची शेवटची वस्तू विकणार तुम्ही?" मी म्हटलं, तुमच्या दादांच्याच गाडीनं चिंधूचा पाय मोडला.

"आणि माझं काय? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील पटाला गेले होते. गेलाच होतात."

दाराशी थांबून म्हणाले, "वहिनी, कंपनीला जास्त लिहू नका. एवढंच सांगतो. जास्त लिहू नका." चेहरा पांढरा. मला वाटलं पोलिसांची भीती.

कंपनीला पत्र लिहायला बसले. मराठीतच. शर्यत होती, गाडी शर्यतीत होती, नंतर बैल लावून वळणावर आणली, चुना पट्टीवरचा आहे. नाव माझं आहे ते मालक म्हणून. पटाची तशी रीत आहे. शेवटी लिहिलं: यापूर्वी मी कंपनीला कधीही खोटं लिहून दिलेलं नाही. हे वाक्य बरं वाटलं. दोनदा वाचलं.

रीतीला पुरावा हवा. पटाची वही भैयाजींकडे असते, ते घड्याळ धरतात. मागच्या वर्षांची दोन-चार पानं नकलून जोडली की झालं. दरवेळी मालकाचंच नाव आहे हे त्यांना दिसेल.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

भैयाजींकडे जाऊन आले. वही देत नव्हते. "यंदाचं पान देतो ना बाई. मागचं काऊन पाह्यता?" मीच एकेक पान मागे उलटत गेले.

१६ जानेवारी १९५५. हे गेले तो दिवस. मोटार, चौथी. सौ. शरयूबाई पांढरीपांडे यांची जोडी. पहिली फेरी — एक मिनिट नऊ सेकंद. दुसऱ्या फेरीपुढे नुसती रेघ.

"तुमाले ठाऊक असन, असंच समजत होतो आमी," भैयाजी म्हणाले.

बाभळीखाली काही झालंच नव्हतं. घरी येऊन पत्रातलं शेवटचं वाक्य खोडलं. त्या जागी वहीतली ती तारीख लिहिली, आणि खाली सही केली.