पाचव्या मजल्यावरचं ताट

बेलग्रेड, संत निकोलाचा दिवस

प्रिय देसांका,

परिषदेला प्रवेश फुकट, असं निमंत्रणात ठळक छापलं होतं. आता खरा हिशेब ऐक. दोन रात्रींची झोप गेली, डाव्या बुटाची टाच गेली, गुडघे तर कामातूनच गेले, आणि आणखी एक चीज गेली, ती शेवटच्या ओळीत सापडेल. बस स्थानकाच्या कॅन्टीनमध्ये बसून लिहितोय. पत्र आपल्या निशच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देईन, रात्री तो दारात आणून देईल. फोन का केला नाही, तेही कळेल. आधी वाच, मग हवं तेवढं रागाव.

काल दिवसभर लिफ्टवाल्यांची भाषणं झाली. परदेशातून आलेली पोरं, इस्त्रीचे सदरे, पडद्यावर रंगीत चित्रं. एकाच्याही नखात ग्रीस नाही. कॉफीच्या सुट्टीत मागे दोघं कुजबुजत होते, हा निशचा म्हातारा कोण रे, तर दुसरा म्हणतो, गॅरेजात दुकान काढलं होतं म्हणे यानं, अजून तिथलाच वास येतो. माझे कान तुला माहीत आहेत. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून ठणकावून सांगितलं की, इथे डोर्चोल भागात माझ्या मेहुणीच्या इमारतीत मी स्वतःच्या हातानं बसवलेली लिफ्ट आहे, आजवर एकदा कुरकुरली नाही, जाऊन बघा. ते भाषण तू झोपेतही म्हणून दाखवशील. टाळ्या मात्र बऱ्या पडल्या.

आज सकाळी सभागृहात नुसत्या खुर्च्या. ही तारीख कुणी धरली कोण जाणे. आज अर्ध्या देशाच्या घरी स्लावा, घराच्या संताचा दिवस, आणि उरलेला अर्धा देश त्यांच्याकडे जेवायला. परदेशी पाहुणे बिचारे विचारत होते, संप आहे का म्हणून. मीही सटकलो. पूल ओलांडेपर्यंत सावा नदीवरच्या वाऱ्यानं हाडं गोठली. कालेमेगदान किल्ल्याच्या तटावर बाकावर टेकलो आणि खाली दोन नद्या एक होतात तिकडे बघत बसलो. लग्नानंतर आपण तिघं इथेच बसलो होतो. तुझी ताई रुझित्सा भाजलेली चेस्टनट सोलून गर तुला देत होती आणि टरफलं माझ्या हातात. म्हणाली होती, पहिल्यापासूनच सवय लाव गं याला. तेव्हा तुम्ही दोघी किती हसलात. मला आज नुसती दमणूक जाणवली.

तिथून पाय आपोआप डोर्चोलकडे वळले. हातात वाइनची बाटली कुठून आली ते विचारू नकोस. तुझी ताकीद लक्षात होती. आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला जी आली नाही, तिच्या दारात जायचं नाही, तिनं बोलावलं तर बघू. पण देसांका, स्लावाला कुणी कुणाला बोलावतं का? दार उघडं असतं, ज्याला आठवण असेल तो येतो. तू तिच्या बोलावण्याची वाट बघतेस, ती तुझ्या पावलांची. वर्षं चाललीत, आणि दोघींचंही आपापल्या जागी बरोबर आहे.

अंगणात शिरलो तर पाचव्या मजल्यावरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली येत होती. बेकरीवालीनं तीत पाव ठेवला आणि वर हाक दिली, ओढ गं रुझामावशी, आज तुझ्या संताचा पाव आहे, पाडू नकोस. मला वाटलं, म्हातारपणाचा छंद. वर पोचलो तेव्हा रुझित्सा दारातच होती, चौकटीला धरून. केस पार पांढरे झालेत. तिनं माझ्याकडे नाही, माझ्या मागे जिन्याकडे पाहिलं. एकटाच? म्हटलं, एकटाच. बरं, ये, मासा निवतोय, बूट नंतर काढ.

मेणबत्तीपाशी एक ताट वाढलेलं होतं, त्यापुढे कुणी नाही. मी खुर्ची ओढली तर शेजारीण म्हणाली, तिथं नको दादा, ते धाकटीचं. ही दर स्लावाला मांडते आणि रात्री मुकाट्यानं उचलते. रुझित्सा तिच्यावर खेकसली, तुला वाइन वाढायला बोलावलीय की तोंड चालवायला? मग माझ्याकडे न बघता विचारलं, देसांका अजून शेपटाकडचाच तुकडा मागते का? ताटात तोच होता. पाहुणे पांगल्यावर मी विचारलं, आईच्या प्रार्थनेला का नाही आलीस? म्हणाली, सर्दी झाली होती. म्हटलं, सर्दी इतकी वर्षं टिकत नाही. तेव्हा तिनं माझा पेला भरला आणि म्हणाली, गप्प बस झिवोता, मी तुझंच झाकत होते.

फोनवर तिचं नाव काढलं की तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. तिचा खुबा झिजलाय. आईला माती देऊन ती घरी परतली, त्याच हिवाळ्यापासून ती खाली उतरलेली नाही. तळमजल्यावरचे दुरुस्तीचे पैसे द्यायला तयार नाहीत, आम्हाला कुठे वर जायचंय म्हणतात. तिनं तुला कळवलं नाही, कारण म्हणे निशभर झालं असतं, मला तोंड दाखवायला जागा उरली नसती आणि तुला खाली बघावं लागलं असतं. स्लावाचा दुसरा दिवस जवळच्या माणसांचा. उद्या सकाळच्या गाडीनं ये. ताट उचलू नकोस असं तिला बजावून आलोय. टाचांचे बूट घालू नकोस, पाच मजले चढायचे आहेत. माझी लिफ्ट तीन वर्षं बंद आहे.

तुझाच, दमलेला,
झिवोता