टोपली क्रमांक १७

प्रति,
मा. श्रीमती एन्दांग वुर्यान्तारी,
महापौर, सुंबेरअरुम शहर,
मध्य जावा.

विषय : मेलाती गल्लीतील नाल्याचे खोदकाम वरच्या टोकाऐवजी खालच्या टोकाकडून सुरू करण्याबाबत. (तातडीचे)

संदर्भ : १) जलनिस्सारण विभागाची नोटीस, दि. ९ ऑक्टोबर. २) आपण मला चार वर्षांपूर्वी दिलेली मुलाखत.

महोदया,

१. मी, सौ. वेनिंग प्रमेस्ती, वय २६, राहणार मेलाती गल्ली, घर क्र. २ (गल्लीच्या वरच्या टोकाला). माझी पहिली मुलगी १८ सप्टेंबरला, दिवस भरण्याच्या सहा आठवडे आधी जन्मली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. रीतीप्रमाणे माझ्या पतींनी तिची वार स्वतःच्या हाताने धुतली, मीठ, सुई, कागद आणि पेन्सिलीसह मडक्यात ठेवली, दाराच्या डाव्या हाताला पुरली आणि वर टोपली पालथी घातली. आत दिवा. बुधवार आणि आपल्या पाच दिवसांच्या बाजारचक्रातला लेगी हा वार पुन्हा एकत्र येईपर्यंत, म्हणजे पस्तीस दिवस, २३ ऑक्टोबर सरेपर्यंत, तो विझू द्यायचा नाही आणि ती जागा उकरायची नाही. अकराव्या दिवशी पती बोटीवरच्या नोकरीवर परत गेले. जाताना एवढेच म्हणाले, "दिव्याकडे बघ." तेव्हापासून मी बघते आहे.

२. दि. ७ रोजी मोजणी अधिकारी श्री. लुमेन्ता गल्लीत आले. ते जावाबाहेरचे, दूरच्या बेटावरील मनाडोकडचे. टोपलीतला दिवा पाहून त्यांनी माझे सासरे श्री. सुकिर्नो यांना विचारले, "आजोबा, ही खूण आमच्यासाठीच ठेवलीय ना?" सासरे म्हणाले, "हो, हो." दारी आलेल्या माणसाला आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत, हे आपणास सांगायला नको. श्री. लुमेन्ता यांना मात्र हो म्हणजे होच वाटले. त्यांनी टोपलीवर लाल रंगाने १७ लिहिले आणि कागद पुढे केला. सासऱ्यांनी सही केली, वर चहा आणि तळलेली केळी दिली. मी आत बाळाला पाजत होते. बाहेर येईपर्यंत त्यांची मोटारसायकल वळणापलीकडे गेली होती. नकाशात आता माझ्या मुलीची वार "खूण क्र. १७, चेंबरची जागा, खोली दीड मीटर" अशी आहे.

३. खोदकाम बुधवारी, १६ ऑक्टोबरला सकाळी सात वाजता वरच्या टोकाकडून सुरू होईल, अशी नोटीस मिळताच मी विभागात गेले. तेथील कारकून म्हणाले, "ताई, खूण तुमच्या घरच्यांनी दाखवली, सहीही तुमच्याच घरची. टोपली हलवायची तर वेगळा अर्ज करा." मी म्हटले, टोपली हलवायची नाहीच, खड्डा हलवा. "खड्डा टोपलीवरूनच ठरतो, ताई." शिवाय बजावले की खुणेची जबाबदारी घरमालकाची, ती जागची हलल्यास कारवाई होईल. म्हणजे बुधवार सकाळपर्यंत टोपलीला मी हात लावायचा नाही, आणि बुधवारी सकाळी ती मशीनने उचलायची. या दोन्हींतील पहिली आज्ञा मी आनंदाने पाळत आहे.

४. नाला आम्हाला नको आहे असे कृपया समजू नये. गेल्या पावसाळ्यात आमच्या चुलीपर्यंत पाणी होते. नाल्याच्या मागणीसाठी गल्लीतील चोवीसही घरांच्या सह्या कॉलेजात असताना मीच गोळा केल्या होत्या. आता काम अडले तर मशीन दुसऱ्या वस्तीत जाईल आणि वर्ष वाया जाईल, या भीतीने शेजारी माझ्यावर नाराज आहेत. शेजारच्या तुमिनीकाकू म्हणाल्या, "शिकलेली म्हणून तुला पुढे केलं, तर तूच आडवी बसलीस. यंदा पाणी आलं तर माझ्या स्वयंपाकघरातले बेडूक तू पकडायला ये." संध्याकाळी त्याच दूध उतरण्यासाठी पाल्याचे सूप घेऊन आल्या. सुपाबरोबर पुन्हा तेच बोलल्या.

५. दिव्याने वजन वाढत नाही, हे मला कळते. मी पदवीधर आहे. परंतु वजनाच्या कार्डावर दर आठवड्याला बाळाचा ठिपका थोडा वर जात होता. टोपलीवर रंग लागला त्या आठवड्यात तो तिथेच राहिला. दोहोंचा संबंध नाही, असे मी रोज स्वतःला समजावते. मग उठून दिवा बघून येते.

६. माझा पदवीचा प्रबंध आपल्या कारकिर्दीवर होता. आपल्या मातोश्री पाठीवर बाटल्यांची टोपली घेऊन काढा विकत. आपण जलनिस्सारण विभागातील पहिल्या महिला अभियंता. दोन वर्षे टेबल मिळाले नाही, नकाशे खिडकीच्या कट्ट्यावर काढले. कागदावरच पूर्ण झालेल्या नाल्यावर सही नाकारली म्हणून आपली बदली दफनभूमी विभागात झाली. निवडणुकीत विरोधकांनी "बाई, आधी घरची मोरी बघा" असे फलक लावले, तेव्हा आपण मोरीचेच चित्र आपल्या पत्रकावर छापले आणि या शहराच्या पहिल्या महिला महापौर झालात. मी विचारले होते, सर्वांत अवघड काय गेले? आपण म्हणालात, "अवघड काही नसतं गं. नाला उताराच्या टोकाकडून खणत वर यायचं, पाणी आपली वाट आपण धरतं. वरून खणणारा माणूस दिसला की समज, त्याला काम नको, सावली हवीय." हे वाक्य प्रबंधाच्या पान ४१ वर आहे.

७. आमच्या गल्लीचे वरचे टोक बदामाच्या झाडाखाली आहे. मशीन तेथेच उभे आहे.

८. रोज तीन घरे आणि रविवारी सुट्टी, असे नोटिशीत लिहिले आहे. काम खालच्या टोकाकडून सुरू झाल्यास मशीन माझ्या दारी गुरुवारी, २४ ऑक्टोबरला पोहोचेल. नकाशा बदलावा लागणार नाही, चेंबर जागचे हलणार नाही, एकही दिवस वाया जाणार नाही. त्या सकाळी टोपली क्र. १७ मी स्वतः उचलून देईन.

९. आपला आदेश न आल्यास परवा, बुधवारी सकाळी सात वाजता, मी बाळाला घेऊन टोपलीशेजारी बसलेली असेन. हा शासकीय कामात अडथळा धरला जाईल, याची मला कल्पना आहे.

आपल्या एका ओळीच्या आदेशाकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
सौ. वेनिंग प्रमेस्ती
दि. १४ ऑक्टोबर २०१९

सोबत : १) टोपलीचे छायाचित्र. २) बाळाच्या वजनाचे कार्ड. ३) प्रबंधाचे पान ४१.

ता. क. सासऱ्यांनी हा अर्ज दोनदा वाचला आणि खाली स्वतःच्या हाताने लिहायला पेन मागितले :

"मी सुकिर्नो, निवृत्त शिक्षक, वय ६९. त्या दिवशी साहेब पाहुणे होते म्हणून हो म्हणालो. माझे उत्तर नाही असे आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. साहेबांनी चहाला पुन्हा यावे."