तेरणेवरची दोन हातांची काठी

निलंगा

प्रिय शिवा,

तुझा निरोप वाचला. घरच्या ग्रुपवर टाकलास म्हणून साऱ्या गोतावळ्यानंही वाचला. काय तर म्हणे, तेरणेसारख्या एवढ्याशा नदीवर आप्पा चौदा फुटी गळाची काठी घेऊन उभे राहतात, लोक हसतात, त्यात आपलं लिंगायताचं घर, मासे कसले धरता. काठी विकली आहे, रविवारी माणूस येईल, त्याच्याकडं द्या. तहसीलदारासारखा हुकूम काढलास. थोरल्या बहिणीला आधी एक फोन केला असतास तर काय बिघडलं असतं?

आधी माशांचं बोलते. तू पुण्यात हॉटेलात बसून काय काय खातोस ते तुझ्याच फोटोंत दिसतं. आप्पांनी आजवर एक मासा घरी आणलेला नाही. त्यांचे दोस्त गुलाम रसूल चाचा कोंबड्याची पिसं दोऱ्यानं गुंडाळून गळावर खोटी माशी बांधतात. आप्पा त्यांच्याकडून गळाचा उलटा काटा आधी पकडीनं दाबून घेतात, म्हणजे मरळ लागली तरी चटकन सुटावी. मग पाण्यातच सोडून देतात. चाचा हळहळतात, सिद्रामप्पा, एक तो मेरे घर जाने दो म्हणतात. आप्पा ऐकत न्हाईत. आणि तू तिकडं बसून उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता काठीचं. स्कॉटलंडहून मिरवत आणलीस आणि एकदाही पाण्याला न लावता आप्पांच्या माळ्यावर टाकलीस. ती मोठ्या नद्यांसाठीच असते, हे तू मला सांगू नकोस. बंधाऱ्याखाली काठावर किती बाभळी आहेत, विसरलास का रे? साध्या काठीनं दोरी पाठीमागं झोकली की गेलीच काट्यांत. पहिल्या दिवशी आप्पांनी ही काठीसुद्धा जोंधळ्यातल्या गोफणीसारखी डोक्यावर गरगर फिरवली, माशी बाभळीत अडकली आणि चाचा झाडाखाली उभे राहून दख्खनीत शिव्या देत होते. मग दोघं मोबाईलवर बघून बघून शिकले. दोरी पाण्यावरून सावकाश उचलायची, अंगाच्या बाजूला अर्धा वेढा घ्यायचा आणि पुढं सोडून द्यायची. ती मागं जातच नाही. जाड दोरी कापून आखूड केली, तेव्हा आपल्या छोट्या नदीत ती बरोबर बसली. हसणारे आता बंधाऱ्यावर बसून बघत असतात. मला लई बरं वाटतं ते बघून.

आप्पांना लकवा झाला तेव्हा तू दवाखान्यात भेटून गेलास. त्यानंतरचा त्यांचा उजवा हात तू बघितलेला नाहीस. शर्टाची गुंडी मी लावायची, भाकरी मी मोडून द्यायची. दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी चिडून नालीत फेकला. या काठीला मात्र दोन हात लागतात, आणि जोर खालच्या हाताचा. डावा खाली धरून ओढायचा, उजवा वर नुसता टेकवायचा. तो टिकेना म्हणून मी रुमालानं काठीला बांधायची. एका हाताची काठी असती तर आप्पा घरातच बसले असते, समजलं? ते पुन्हा दाढी करून सकाळी बाहेर पडायला लागले ते हिच्यामुळं.

तुझा निरोप त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मी भांडायला उठले तर मलाच गप केलं. त्याची वस्तू हाय, त्याला जाऊ दे, म्हणाले. काठीचे एकात एक बसवलेले तुकडे वेगळे केले, धोतराच्या फडक्यानं पुसले, पिशवीत घातले. मी नाडी बांधायला पुढं झाले तर त्यांनी हात बाजूला सारला. हात बांधायचा रुमाल खुंटीवरच होता. उजव्या बोटांनी नाडी धरली, डाव्यानं वेढा दिला आणि गाठ मारली, शिवा. लकव्यानंतरची पहिली गाठ त्यांनी तुझी काठी तुला परत धाडायला मारली. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पिशवी माझ्या घरी आणून ठेवलीय आणि रविवारी येणारा माणूस रिकाम्या हातानं जाईल. काठी हवीच असेल तर तू स्वतः ये, आणि ती गाठ आप्पांच्या समोर बसून सोड.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
उज्वलाअक्का