मनात येईल ते बोला

९ जून
पोचले एकदाची! बुलढाण्याबाहेरची ही मनोविश्लेषण संस्था म्हणजे कडुनिंबांच्या सावलीतली छोटीशी इमारत. स्वयंपाकाच्या झुंबरबाईंनी गरम भाकरी-ठेचा वाढला आणि विचारलं, बिनबापाच्या एवढ्याशा पोरीले सोडून येड्यायची डॉक्टरीण व्हाले काऊन आली? समीक्षा देऊळगाव राजाला माझ्या आईजवळ आहे. रोज फोन करीन, असं सांगून आलेय तिला.

१० जून
इथली रीत अशी, की विश्लेषक व्हायचं तर आधी स्वतः पलंगावर आडवं व्हायचं. शिकवणारे सर उशामागे बसतात. दिसत नाहीत, बोलत नाहीत, नुसती पेनाची खरखर. आपण मनात येईल ते बोलायचं, काही लपवायचं नाही. आई म्हणते, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणजे माझी चंगळच! आज लहानपणच्या मोती कुत्र्याबद्दल बोलले, रडले. फार हलकं वाटलं.

११ जून
फोनवर मोतीचा विषय काढला, तर आई म्हणाली, आपल्या घरी कुत्रं होतंच कधी? वय झालं बिचारीचं.

१४ जून
सकाळी धाकट्या भावाशी, कुलदीपशी, झालेली भांडणं सांगितली. नंतर आईला फोन केला. ती म्हणाली, कोण कुलदीप? तू एकुलती एक, असं काय बोलायलीस? मोबाइलमध्ये राखीचा फोटो आहे. त्यात मी राखी धरून बसलेय आणि समोरचा पाट रिकामा. आधी मोती, आता कुलदीप — पलंगावर ज्याच्याबद्दल बोलले, तेच नाहीसं.

१६ जून
जायचं नाही असं ठरवलं होतं. पाय गेलेच. सरांना जाब विचारायला तोंड उघडलं आणि रागाच्या भरात आईचंच सगळं बोलून बसले. मेलं माझं तोंड!

फोन समीक्षाने उचलला. म्हणाली, मी एकटीच आहे गं घरात, भूक लागली. आजी कुठंय विचारलं तर — कोण आजी, म्हणाली.

निघालेच. बसमध्ये लिहितेय. पोरी, आले मी.

तारीख कळत नाही
सीटवर डोकं टेकलं, डोळा लागला. उघडला तर खाली पलंग. मागे खरखर.

उठता येत नाही. लिहिते ते सगळं तोंड मोठ्याने बोलतंय — पोरीचं नाव नाही घ्यायचं. मनातही नाही. दुसरं काहीतरी — पाढे. बे एके बे, बे दुणे चार — देवा, दुसरं काही सुचू दे — बे त्रिक सहा, बे चोक — इथंच अडायची, ओसरीवर पाटी घेऊन, वेणी चघळत, माझी समी—