आईच्या खुर्चीजवळचा स्पीकर

प्रिय बाबा,

काल धारच्या घरी टीव्ही लागला. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच, आवाजासकट. वर्षश्राद्ध अजून व्हायचंय हे मला माहीत आहे. आत्या रोज संध्याकाळी दिवा लावून तुमच्या फोटोशी बोलते, त्यात ती हे तुमच्या कानावर घालणारच, आणि कशी घालेल तेही मला ठाऊक आहे. म्हणून आधी मी लिहितेय.

मराठीत लिहायची सवय सुटली आहे, चुका पोटात घाला. शाळा हिंदी, देवासचं ऑफिस हिंदी, आणि घरी सईशी बोलताना अर्ध्यातून वाक्य कधी हिंदीकडे वळतं ते कळतही नाही. हे पत्र तुमच्या नातीला हिंदीत समजावून सांगावं लागेल. पण तुमच्याशी हिंदीत बोलायची हिंमत मला कधी झाली नाही, ती आता कुठून आणू?

तुम्ही गेलात आणि आईनं टीव्हीवर तिचा क्रोशाचा रुमाल टाकला. आपल्याकडे वर्षाचं पाळतात. सणवार नाही, गोडधोड नाही, गाणंबजावणं नाही. त्यामुळे कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. उलट आत्यानं गल्लीभर सांगितलं, "आमच्या वहिनी जुन्या वळणाच्या. वर्ष होईतो टीव्हीकडे बघायच्या नाहीत." गणपतीत आपल्या मराठी समाजाच्या बायका प्रसाद घेऊन आल्या, त्या आईच्या पाया पडून गेल्या. दादा बदनावरहून रविवारी यायचा, तो मॅच बघायला फोन घेऊन ओट्यावर जाऊन बसायचा. आणि मला, खरं सांगते, आईचा अभिमान वाटायचा. आजच्या काळात इतकं कोण पाळतं?

मग नवरात्राच्या थोडं आधी मी न कळवता धारला आले. दार नुसतं लोटलेलं होतं. भर दुपारी आतल्या खोलीचा पडदा ओढलेला, आणि टीव्ही चालू. आवाज अजिबात नाही. आई टीव्हीच्या इतकी जवळ बसली होती की तिचा सगळा चेहरा त्या उजेडानं निळा दिसत होता. मला बघितल्याबरोबर ती रिमोटची बटणं दाबायला लागली, आणि घाईत एकही बरोबर लागेना.

मला वाटलं, पाळलेलं मोडलं म्हणून शरमली. मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, "बघ ना आई. मी कुणाला सांगणार नाही. आत्याला तर नाहीच."

तिनं रिमोट मांडीवर ठेवला. "बघून काय करू, नंदा? सांगणारे कुठे आहेत?"

आणि ती रडली, बाबा. तेराव्यापर्यंत सगळं खंबीरपणे निभावून नेणारी आई, त्या मुक्या टीव्हीसमोर रडली.

मग तिनं हळूहळू सांगितलं. आवाज ठेवला तर नुसता कालवा होतो आणि डोकं दुखतं. शब्द एकही लागत नाही. तेरावं झाल्यावर आठवडाभरात तिनं लावून बघितला होता, काही कळेना, म्हणून रुमाल टाकला. तेवढ्यात आत्या आली आणि म्हणाली, वर्षाचं पाळताय, चांगलं करताय. आई म्हणाली, "मग मी तसंच राहू दिलं. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं."

आम्हाला हे इतकं कसं माहीत नव्हतं? विचार करत बसले तेव्हा लक्षात आलं, तुम्ही माहीतच होऊ दिलं नाहीत. तुमची खुर्ची कायम तिच्या डाव्या हाताला. फोन आला की तुम्ही उचलायचा आणि "आई म्हणतेय" असं म्हणून तिच्या वतीनं बोलायचं. पाहुणे आले की तुम्ही त्यांचं वाक्य सहज पुन्हा म्हणायचं, जणू तुम्हालाच ते फार आवडलं. मालिकेतली सासू काय म्हणाली, सून काय म्हणाली, सगळं तुमच्याकडून. आम्ही विचारलं तर, "जरा कमी येतं तिला, वय झालं आता." हे ‘जरा कमी’ कधी ‘जवळजवळ नाही’ झालं, बाबा? आणि तिच्यासाठी आणलेलं ते कानाचं यंत्र तुम्ही डबीतून बाहेरसुद्धा का नाही काढायला लावलंत? तुम्ही होतात म्हणून तिला ते लागलं नाही. पण तुम्ही कायम असणार होतात का?

इतकं बेमालूम सांभाळलंत की तुम्ही गेल्यावर तिचे कानही तुमच्याबरोबर गेले. मला तुमचा राग आला. अजूनही थोडा आहे.

दादाला सांगितलं तर तो पुढच्याच रविवारी भलामोठा साउंडबार आणि बरोबर एक वूफर घेऊन हजर. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, आजारापेक्षा औषध मोठं. लावला, तर कपाटातली भांडी थरथरली. बातम्या सांगणारी बाई विहिरीतून बोलल्यासारखी वाटायला लागली. आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. दादानं अजून वाढवला. "आता तरी येतंय का?" तो ओरडून विचारत होता, आणि आई आपलं त्याचं मन राखायला मान हलवत होती. माझ्यानं ते बघवलं नाही, मी बंद केला. दादा बराच वेळ वायर गुंडाळत बसला. तुम्ही गेल्यापासून त्यालाही काहीतरी दुरुस्त करायचं असतं, आणि ते काय ते त्याला सापडत नाही.

मी आईला देवासला आणलं आणि कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासून झाल्यावर त्यांनी मला समजावलं, की तुमच्या आईंना आवाज येतो, शब्द येत नाहीत. जाड आवाज पोचतात, बारीक गळतात. स, श, त, क अशी अक्षरं वाटेतच झडतात आणि उरते ती घरघर. आवाज वाढवला की घरघरच वाढते. त्यांनी डबीतलं यंत्र नव्यानं जुळवून दिलं, माणसांत बसताना ते घालायचंच असं आईकडून कबूल करून घेतलं. टीव्हीसाठी म्हणाल्या, बोलणं पुढे आणणारा आणि संगीत मागे ढकलणारा स्पीकर घ्या. आणि तो टीव्हीखाली ठेवू नका, त्यांच्या खुर्चीजवळ ठेवा.

खुर्चीजवळ. म्हणजे तुम्ही बसायचात तिथेच की.

दुकानात गेले तर दुकानदारानं पहिल्या झटक्यात ढोलाचं गाणं लावलं. "दीदी, बेस देखो इसका. पूरा मोहल्ला नाचेगा."

"भिया, नचाना नहीं है. मेरी आई को बात समझ में आनी चाहिए. समाचार लगाओ, और आवाज कम रखो."

मिठाईच्या दुकानात जाऊन मीठ मागावं तसा त्याचा चेहरा झाला. पण माणूस चांगला होता, एकेक काढून लावत गेला. मी पर्समधून कापसाचे बोळे काढून कानात घातले आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहिले. गिऱ्हाईकं माझ्याकडे बघत होती. तुम्ही असतात तर लाजून बाहेर चहा प्यायला गेला असतात. कापसातून जे बोलणं कळेल तेच आईला कळेल असं काही नाही, एवढं मलाही समजतं, पण दुसरा उपाय सुचेना. एक स्पीकर फार स्वच्छ निघाला. मी खूश होऊन पडद्याकडे वळले, तर बातम्यांतल्या बाईचं तोंड आधी मिटत होतं आणि शब्द मागून येत होता. बिनतारी आहे ना, थोडा उशीर होणारच, दुकानदार म्हणाला. मला चाललं असतं. आईला नाही. ती निम्मं ओठांवरून समजून घेते, हे मला या महिन्यातच कळलंय.

शेवटी जो घेतला तो दिसायला अगदी साधा आहे, पोळ्यांच्या डब्याएवढा. टीव्हीला एक छोटी डबी जोडायची, तिच्यातून आवाज लगेच खुर्चीपाशी येतो. बोलणं वर आणायचं एक बटण. आणि आवाजाला मोठी गोल चकती, आईची बोटं वाकडी झालीत तरी सहज फिरते. दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.

काल तो घेऊन धारला गेले. जोडत होते तेवढ्यात आत्या आली. रुमाल खाली काढलेला बघून दारातच थांबली. "नंदा, हे काय? वर्ष तो होऊ द्यायचं. इतकी काय जल्दी आहे? लोक काय म्हणतील?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आईनं हातानं मला थांबवलं. कानात यंत्र होतं, तिला सगळं कळलं होतं. "वन्सं, मी पाळत नव्हते," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही. हे होते तोवर निभलं. आता निभत नाही."

आईला असं सगळ्यांदेखत बोलताना मीही कधी बघितलं नव्हतं. आत्या खाली बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मग लाव. पण फक्त बातम्या." तुमच्या बहिणीकडून याहून जास्त मिळायचं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

बातम्या लागल्या. आईनं चकती थोडी फिरवली, परत मागे आणली, आणि पडद्याकडे बघत ती बाई म्हणत होती ते पाठोपाठ म्हणायला लागली. कुक्षीकडे कापसाची आवक सुरू झाली, बदनावरला सोयाबीन ओलं येतंय. शब्द न् शब्द बरोबर. मी भिंतीकडे तोंड करून वायर नीट करत राहिले.

मग आईच म्हणाली, "ह्यांचं काही आहे का तुझ्या फोनात?"

होतं. धरमपुरीला आपण नर्मदेवर गेलो होतो, तेव्हा सईनं नावेत केलेलं शूटिंग. मी टीव्हीवर लावलं. तुम्ही नावाड्याला हिंदीतून गोष्ट सांगताय, कुक्षीला सिंचन विभागात नवे लागलात तेव्हाची. पाण्याची मापं घ्यायला पलीकडे जाताना नाव कलली, तुमचे बूट वाहून गेले, आणि तुम्ही तसेच बड्या साहेबांसमोर जाऊन अनवाणी उभे राहिलात, साहेबांनी कागदांतून वर बघितलंच नाही, आणि तुम्ही टेबलाखाली पाय लपवत राहिलात. हात उडवत, हसत, श्वास न घेता सांगताय. नावाडी वल्हं सोडून हसतोय. शेजारी आई पाण्याकडे बघत बसली आहे. तुमचं हसणं ऐकून ती वळते आणि विचारते, "काय म्हणतोय?" तुम्ही तिच्याकडे तोंड करता, एकेक शब्द सुटा करून सांगता, "पाणी. वाढलंय. म्हणतोय." आणि ती मान हलवून परत पाण्याकडे बघते.

"इतकं भरभर बोलायचे हे?" आई म्हणाली.

आत्या म्हणाली, "लहानपणापासून. आमची आई म्हणायची, ह्याच्या मागे काय वाघ लागलाय का?"

आई पडद्याकडेच बघत होती. तिच्या वाट्याला इतकी वर्षं सावकाश बोलणारे तुम्हीच आले होते. नंतर ती म्हणाली, "बुटांचं मला कधी सांगितलं नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि मला सांगितलं पाणी वाढलंय." आवाजात राग नव्हता. हसूही नव्हतं. मग म्हणाली, "परत लाव. पहिल्यापासून."

तिन्हीसांजेपर्यंत ती तेवढंच ऐकत होती. बुटांपाशी आलं की हसायची, नावाड्याच्या बरोबरीनं.

बाबा, तुम्हाला दोष देत नाही. दिवसभर दोन माणसांचं बोलणं एकट्यानं बोलायचं, तर कुठेतरी गाळावं लागतंच. तुम्ही थकत असाल, ते आम्हाला कधी दिसलं नाही. आम्ही तर कुणी तिला सांगायला सुरुवातही केली नव्हती. पण तुम्ही गाळलेलं सगळं कुठे गेलं असेल, असं काल रात्री मला सारखं वाटत राहिलं. किती गोष्टी, किती थट्टा, आणि आई शेजारी बसून पाण्याकडे बघतेय.

टीव्हीचं आता तो स्पीकर सांभाळेल. माणसांचं मी बघते. यंत्र असलं तरी चार जणांच्या बोलण्यात तिचं काहीतरी निसटणारच, आणि ती विचारेल, काय म्हणाले. तेव्हा मी "काही नाही गं, उगीच" म्हणणार नाही, आणि दादालाही म्हणू देणार नाही. लांबलचक असलं तरी सगळं सांगेन. आणि हसण्यासारखं असेल तर सगळे हसत असतानाच सांगेन, हसून झाल्यावर नाही. हे मी तुम्हाला कबूल करते.

तुमची,
नंदा
देवास